रिकाम्या कॉम्प्युटरांची इर्जिक

इथं मी बहुतेक वेळा आपल्या किल्ल्यावर, पाण्यावर आणि ऊसतोडीवर लिहितो. आजचा विषय जरा वेगळा आहे आणि पोस्ट लांब आहे. पण शेवटी गोष्ट आपल्याच तालुक्यापाशी येते, म्हणून सवडीनं वाचा.

कुठल्याही सरकारी कार्यालयात, बँकेत नाहीतर शाळेच्या संगणक खोलीत जाऊन बघा. कॉम्प्युटर चालू असतो, पंखा घुंई-घुंई करतो, पण आतलं यंत्र बहुतेक वेळ नुसतं बसलेलं असतं. साहेब एक पत्र टाइप करतात तेव्हा त्या यंत्राच्या ताकदीचा अगदी किरकोळ भाग लागतो. साहेब चहाला गेले की तेवढाही लागत नाही. तालेवार बैलजोडी दारात बांधून ठेवावी आणि दिवसातून एकदा पाण्याचा डबा आणायला जुंपावी, तसा हा प्रकार.

ही रिकामी ताकद गोळा करून मोठं काम उरकता येईल का? हा प्रश्न जगात पन्नासेक वर्षांपासून विचारला जातोय. त्याला मिळालेल्या उत्तरांचा इतिहास आज सांगतो.

त्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. ही कल्पना आपल्याला नवी नाही. जुन्या माणसांना इर्जिक माहीत आहे. एखाद्याची पेरणी मागं पडली, घरात आजारपण आलं, बैल मेला, की तो गावाला हाक द्यायचा. ठरल्या दिवशी ज्याच्या-त्याच्या दारातली औतं त्याच्या रानात यायची आणि आठवड्याचं काम दिवस मावळायच्या आत व्हायचं. मजुरी नाही, फक्त जेवण. सावडही त्याच जातीची: आज माझे बैल तुझ्याकडं, उद्या तुझे माझ्याकडं. यात दोन गोष्टी पक्क्या असायच्या. बैल कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मालकाला विचारल्याशिवाय कुणी दावं सोडत नव्हतं. हे दोन नियम ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

रात्रीतून पसरलेली अळी

अमेरिकेत कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीची पालो आल्टो इथं एक संशोधन प्रयोगशाळा होती. आज आपण माउस, खिडक्या, चित्रं असलेला जो कॉम्प्युटर वापरतो, त्याचा बराचसा पाया तिथं घातला गेला. तिथं ऑल्टो नावाचे शंभरावर कॉम्प्युटर एकाच केबलच्या जाळ्यानं जोडलेले होते. संध्याकाळी माणसं घरी गेली की ही सगळी यंत्रं रिकामी.

जॉन शॉक आणि जॉन हप या दोघांनी एक प्रोग्राम लिहिला. तो जाळ्यावर रिकामी यंत्रं शोधायचा आणि सापडलेल्या यंत्रावर आपला एक तुकडा बसवून कामाला लावायचा. त्याला त्यांनी 'वर्म' म्हणजे अळी म्हटलं. हा शब्द त्यांनी जॉन ब्रनर यांच्या १९७५ च्या एका विज्ञानकादंबरीतून उचलला होता. हेतू साधा होता, रात्रीची पडीक ताकद वापरायची.

एका रात्री त्यांनी छोटी अळी सोडली आणि घरी गेले. सकाळी बघतात तर इमारतीतले डझनावारी कॉम्प्युटर बंद पडलेले. अळीचा एक तुकडा बिघडला होता. तो ज्या यंत्रावर जाई ते यंत्र पडे, मग अळी दुसरं यंत्र शोधी. बंद पडलेलं यंत्र माणसानं पुन्हा चालू केलं की अळी त्याला परत धरायची. शेवटी, असा प्रसंग आला तर असावी म्हणून राखून ठेवलेली 'सगळं थांबवा' ही आज्ञा जाळ्यावर सोडली, तेव्हा कुठं शांतता झाली. हा अनुभव या दोघांनी १९८२ मध्ये निबंध लिहून छापला.

बघा, या विद्येच्या पहिल्या पानावरच फायदा आणि धोका शेजारी-शेजारी लिहिलेले आहेत. पुढं 'वर्म' हा शब्द घातक प्रोग्रामांसाठी रूढ झाला, पण मूळची अळी कामाला जुंपलेली होती.

मालक आला की उठायचं

पुढची महत्त्वाची पायरी विस्कॉन्सिन विद्यापीठात पडली. मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये कॉन्डोर नावाच्या प्रणालीवर निबंध प्रसिद्ध केला. कॉन्डोर म्हणजे अमेरिकेतलं गिधाड. निबंधाच्या शीर्षकातच त्याला रिकाम्या कॉम्प्युटरांचा शिकारी म्हटलं होतं.

नाव शिकाऱ्याचं असलं तरी वागणं पाहुण्याचं होतं. विद्यापीठातल्या एखाद्या प्राध्यापकाचं यंत्र रिकामं दिसलं की त्यावर दुसऱ्याचं काम चालू व्हायचं. प्राध्यापकानं येऊन कीबोर्डला हात लावला की ते काम जिथं असेल तिथं थांबायचं, अर्धवट हिशोब जपून ठेवला जायचा आणि तो दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर पुढं चालू व्हायचा. म्हणजे ओसरीवर टेकलेल्या वाटसरूनं घरधनी येताच पथारी गुंडाळून शेजारच्या ओसरीवर जावं, तसं.

अर्धवट हिशोब जपून ठेवायची ही युक्ती आपल्यासारख्या लाइट जाणाऱ्या गावासाठी फार मोलाची आहे. लाइट गेली तरी काम पहिल्यापासून करावं लागत नाही, शेवटच्या खुणेपासून पुढं चालतं. हीच कॉन्डोर प्रणाली पुढं सुधारत जाऊन गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या लायगो प्रकल्पाच्या हिशोबाला लागली. लायगो हे नाव लक्षात ठेवा, ते आपल्या मराठवाड्यात येतंय.

दरम्यान पुण्यात

त्याच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. अमेरिका आपल्याला हवा तो क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला तयार नव्हती. हवामानासाठी एक यंत्र अटी घालून दिलं, पण त्याहून ताकदवान यंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला मिळू दिलं नाही. तेव्हा अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावात जन्मलेले डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा रस्ता धरला. एकच अवाढव्य प्रोसेसर बनवण्याऐवजी बाजारात मिळणाऱ्या ट्रान्सप्यूटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांची फौज एकमेकांना जोडली आणि काम वाटून दिलं. १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला.

परम हा काही रिकाम्या कॉम्प्युटरांचा मेळ नव्हता. तो एका खोलीत बसवलेला, खास त्याच कामासाठी केलेला संगणक होता. पण दोन्हींचं मूळ तत्त्व एकच: एक पैलवान मिळत नसेल तर शंभर साधी माणसं शिस्तीनं कामाला लावा. फरक एवढाच की परममध्ये शंभर माणसं एका वाड्यात राहतात आणि सतत एकमेकांशी बोलतात. इर्जिकीत ती आपापल्या घरून येतात.

या फरकामुळं कुठलं काम कुणाला द्यायचं हे ठरतं. सोपं उदाहरण घ्या. सप्त्याच्या पंगतीला हजार भाकरी लागणार असतील तर पन्नास घरांत वीस-वीस भाकरी थापता येतात. एका घराला दुसऱ्या घराशी बोलायची गरज नाही. पण एकच भाकरी पन्नास जणींनी मिळून थापता येत नाही. रोजचा हवामान अंदाज त्या एका भाकरीसारखा आहे. धारूरवरचा ढग उद्या कुठं जाईल हे केजवरच्या आणि वडवणीवरच्या हवेशी घडोघडी बोलल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्याला पुण्याच्या उष्णकटिबंधीय हवामान संस्थेत २०१८ मध्ये आलेल्या 'प्रत्युष'सारखा महासंगणकच लागतो. ज्या कामाचे सुटे-सुटे तुकडे पडतात, ते मात्र घरोघर वाटता येतं.

मुकादम आणि टोळ्या

हे घरोघर वाटणं जगभर गाजलं ते १९९० च्या दशकात, इंटरनेट घरात आल्यावर. जानेवारी १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधायचा सामुदायिक प्रकल्प सुरू केला. १७ मे १९९९ ला बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून 'सेटी अॅट होम' सुरू झाला आणि या चळवळीला जत्रेचं रूप आलं.

त्याचं काम असं होतं. पोर्टो रिकोमध्ये अरेसिबो इथं ३०५ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण होती. तिच्यात आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरींची नोंद व्हायची. त्यात परग्रहावरच्या एखाद्या शहाण्या जीवानं पाठवलेला संदेश आहे का, हे शोधायचं. नोंदी इतक्या की तपासायला महासंगणक पुरेना. मग त्या नोंदींचे १०७-१०७ सेकंदांचे तुकडे पाडले. कुणीही आपल्या कॉम्प्युटरवर एक छोटा प्रोग्राम टाकायचा. काम थांबलं, स्क्रीनसेव्हर लागला, की तो प्रोग्राम एक तुकडा तपासायचा, उत्तर बर्कलीला पाठवायचा आणि दुसरा तुकडा मागायचा. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी हा प्रोग्राम टाकला.

बीड जिल्ह्यातल्या माणसाला ही रचना समजावून सांगायला नको. कारखाना म्हणजे विद्यापीठ. मुकादम म्हणजे तिथला मुख्य कॉम्प्युटर, ज्याला सर्व्हर म्हणतात. टोळ्या म्हणजे लोकांच्या घरातले कॉम्प्युटर. फड तोडायला कुणाला कुठला दिला, मोळ्या कधी आल्या, कुणाची टोळी पळून गेली, हा सगळा हिशोब मुकादमाकडं. ठरल्या तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर तोच तुकडा दुसऱ्याला दिला जातो.

लबाडीही झाली. इथं पैसा मिळत नव्हता, फक्त कुणी किती तुकडे तपासले याची यादी लागायची. त्या यादीत वर दिसायला काही जणांनी प्रोग्राममध्ये फेरफार करून खोटी उत्तरं पाठवली. त्यावर उपाय निघाला तो असा की एकच तुकडा दोन अनोळखी यंत्रांना द्यायचा आणि दोघांची उत्तरं जुळली तरच मान्य करायचं. काट्यावर वजन दोनदा करून घेण्यासारखं. आपल्या ऊसतोड कामगारानं हे ऐकलं तर म्हणेल, आमच्या काट्याला हा नियम लावा की!

या अनुभवातून बर्कलीच्या डेव्हिड अँडरसन यांनी 'बॉइंक' नावाची मोफत चौकट तयार केली. तिच्यामुळं कुठल्याही शास्त्रज्ञाला स्वतःचा प्रकल्प उभा करता यायला लागला आणि लोकांना आपला कॉम्प्युटर कोणत्या कामाला द्यायचा हे निवडता यायला लागलं.

सेटी अॅट होमला परग्रहावरचा जीव सापडला नाही. ३१ मार्च २०२० ला त्यांनी नवे तुकडे वाटणं थांबवलं. त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची ती दुर्बीणही कोसळली. पण इर्जिकीची रीत तोपर्यंत जगभर पसरली होती.

ऑक्सफर्डहून २००३ मध्ये हवामानबदलाचा एक प्रकल्प सुरू झाला. आत्ताच म्हटलं की हवामान घरोघर वाटता येत नाही, मग हे कसं? त्यांनी एका घरात अख्खं छोटं हवामान दिलं. प्रत्येक घरात तीच पृथ्वी, पण एखादा आकडा किंचित बदललेला. हजारो घरांतल्या हजारो पृथ्वी पुढं चालवून बघायचं की कार्बन वाढला तर तापमान कुठवर जाऊ शकतं. दुष्काळ आणि गारपीट आलटून-पालटून सोसणाऱ्या आपल्यासारख्या भागाला या प्रश्नाचं उत्तर परकं नाही.

२००० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विजय पांडे यांनी प्रथिनांच्या घड्या कशा पडतात हे शोधणारा 'फोल्डिंग अॅट होम' सुरू केला. मार्च २०२० मध्ये करोना आला, लोक घरात अडकले आणि लाखो लोक या प्रकल्पात आले. इतके आले की वाटायला तुकडेच उरले नाहीत. टोळ्या उभ्या आणि ऊस नाही! मुकादमाची व्यवस्था वाढवायला दिवस-रात्र एक करावे लागले. एप्रिलमध्ये या घरगुती यंत्रांची एकत्र ताकद जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या महासंगणकाच्या पुढं गेली होती.

औंढ्याचा धागा

आता आपल्याकडं येऊ. परळीचा वैद्यनाथ आणि औंढ्याचा नागनाथ, ही दोन्ही ज्योतिर्लिंगं मराठवाड्यातली. त्या औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहणार आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली.

गुरुत्वीय लहर म्हणजे काय? दोन अवाढव्य वस्तू एकमेकींवर आदळल्या की अवकाशच थरथरतं, तळ्यात दगड टाकल्यावर पाणी थरथरतं तसं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगो वेधशाळांनी अशी पहिली थरथर पकडली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती. चार किलोमीटर लांबीच्या बाहूत झालेला फरक प्रोटॉनच्या आकारापेक्षाही कितीतरी कमी होता. हा इतका बारीक आवाज गोंगाटातून वेगळा काढायला आकडेमोड किती लागत असेल, विचार करा. ही आकडेमोड कशी करावी याच्या पायाभूत कामात पुण्याच्या आयुका संस्थेतले डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी १९९० च्या आसपासपासून होते. तेव्हा अशी लहर कधी सापडेल यावर अनेकांचा विश्वासही नव्हता.

ती पहिली लहर संस्थांच्या मोठ्या यंत्रांवर सापडली, घरगुती कॉम्प्युटरवर नाही, हे स्पष्ट सांगतो. पण आणखी एक जातीची लहर आहे. एखादा मेलेला, घट्ट झालेला तारा, ज्याला न्यूट्रॉन तारा म्हणतात, तो स्वतःभोवती गरगर फिरताना सतत बारीक लहर सोडत असावा असा अंदाज आहे. ती शोधणं महाकठीण. पृथ्वी स्वतः फिरते, सूर्याभोवतीही फिरते, त्यामुळं लहरीचा सूर वर-खाली होतो. आकाशातल्या प्रत्येक ठिकाणासाठी ही दुरुस्ती वेगळी करावी लागते आणि फिरण्याचा प्रत्येक वेग वेगळा तपासावा लागतो. म्हणजे तुकडेच तुकडे. इर्जिकीला यापेक्षा चांगलं रान कुठलं!

म्हणून फेब्रुवारी २००५ मध्ये 'आइनस्टाइन अॅट होम' सुरू झाला. लायगोच्या नोंदी लोकांच्या घरात तपासल्या जाऊ लागल्या. ती सतत वाहणारी लहर अजून हाती लागलेली नाही. पण त्याच यंत्रांवर अरेसिबोच्या नोंदीही तपासल्या जायच्या आणि २०१० मध्ये त्यात एक नवा तारा सापडला. सेकंदाला जवळपास ४१ वेळा फिरणारा, अंदाजे १७,००० प्रकाशवर्षं दूर. सापडला कुठं? अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एम्स गावच्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झच्या एकाच्या कॉम्प्युटरवर. शास्त्रज्ञांनी शोधाच्या निबंधात त्यांचं श्रेय नोंदवलं. इर्जिकीला आलेल्या माणसाचं नाव घेतलं गेलं, हे मला त्या ताऱ्याइतकंच मोठं वाटतं.

आपल्या देशातही जोडणीचा मोठा प्रयोग झाला. सी-डॅकनं 'गरुड' नावाचं राष्ट्रीय जाळं उभं केलं आणि पहिल्या टप्प्यात १७ शहरांतल्या ४५ संस्था जोडल्या. पण ते संस्थांचं जाळं होतं, संशोधकांसाठीचं. साध्या माणसाच्या, शाळेच्या, नगरपंचायतीच्या यंत्रापर्यंत ते आलं नाही.

दावं कुणी सोडलं?

आता त्या दोन नियमांकडं येऊ.

१९९९ मध्ये अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका सरकारी तांत्रिक महाविद्यालयात संगणक सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यानं तिथल्या यंत्रांवर असाच एक इर्जिकीचा प्रोग्राम टाकला. हेतू वाईट नव्हता, पण परवानगी घेतली नव्हती. महाविद्यालयाचं जाळं वापरलं म्हणून सेकंदाला ५९ सेंट या दरानं चार लाख डॉलरच्या वर नुकसान दाखवलं गेलं. फौजदारी खटला झाला, तुरुंगाची टांगती तलवार आली. शेवटी २००२ मध्ये दंड, वर्षभराची देखरेख आणि समाजसेवा यावर मिटलं. शिक्षा अवाच्या सवा मागितली गेली हे खरं. पण दुसऱ्याचा बैल विचारल्याशिवाय सोडला, हेही खरं. आपल्याकडं २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ हेच सांगतं की मालकाच्या परवानगीशिवाय त्याचं यंत्र वापरता येत नाही.

हे झालं भल्या हेतूचं. वाईट हेतूचं तर दुकानच उघडलं. सप्टेंबर २०१७ मध्ये 'कॉइनहाइव्ह' नावाची सेवा निघाली. एखाद्या संकेतस्थळात तिच्या चार ओळी घुसवल्या की ते उघडणाऱ्या प्रत्येकाचा कॉम्प्युटर गुपचूप आभासी चलन काढायला लागायचा. लाइट बिल तुमचं, कमाई दुसऱ्याची. सप्टेंबर २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातल्या तिरुपती महापालिकेच्या आणि इतर काही सरकारी संकेतस्थळांवर असा कोड सापडला होता. लोक घरपट्टी बघायला जात होते आणि त्यांचं यंत्र परक्याच्या शेतात राबत होतं. ती सेवा २०१९ मध्ये बंद झाली, धंदा बंद झाला नाही. तुमचा मोबाइल काही न करता तापत असेल, बॅटरी उतरत असेल, फुकटचं कुठलं अॅप टाकल्यावर हे सुरू झालं असेल, तर ते अॅप आधी काढून टाका.

आपल्या भागाला यातलं मर्म चटकन कळायला हवं. धारूर तालुक्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर किती कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात! नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल किती, काटा खरा का खोटा, हिशोब कुणाकडं, हे प्रश्न विचारायला आपण फार उशिरा शिकलो. यंत्राच्या ताकदीबाबत तरी ते आधी विचारू या. काम कुणाचं? फायदा कुणाचा? नाव कुणाचं? थांबवायचं बटण कुणाच्या हातात?

मग आपण काय करायचं?

बातमीसाठी तालुक्यात फिरताना एका शाळेत मला कुलूपबंद संगणक खोली दाखवली गेली. पडदा लावलेला, यंत्रांवर प्लास्टिक, प्लास्टिकवर धूळ. 'पोरांनी बिघडवू नये म्हणून बंद ठेवलंय,' असं कारण मिळालं. वापरून बिघडलं तर चौकशी होते, न वापरता सडलं तर कुणी विचारत नाही. रोग यंत्राचा नाही, या हिशोबाचा आहे.

अशा खोल्या बघून कुणी म्हणेल, चला, सगळी यंत्रं आइनस्टाइन अॅट होमला लावू. जरा थांबा. रिकामं म्हणजे फुकट नव्हे. शंभर वॅटचं यंत्र दहा तास चाललं की एक युनिट जळतं. वीस यंत्रं असतील तर दिवसाला वीस युनिट. शाळेचं वीज बिल कसं भरलं जातं हे मुख्याध्यापकांना विचारा. शिवाय पंधरा वर्षांपूर्वीचं यंत्र वीज जास्त खातं आणि काम कमी करतं. काळही बदललाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये चार कोटींहून जास्त अंकांची नवी मूळ संख्या सापडली, तीही वोल्टमन यांच्याच प्रकल्पात. पण ती घरातल्या साध्या कॉम्प्युटरवर सापडली नाही. १७ देशांत भाड्यानं घेतलेल्या ग्राफिक्स प्रोसेसरांवर सापडली. साध्या घरगुती यंत्रांचं २८ वर्षांचं राज्य त्या दिवशी संपलं. म्हणजे नुसत्या ताकदीच्या हिशोबानं बघितलं तर आपल्या वीस जुन्या यंत्रांनी जगाचं काही अडत नाही.

तरीही मी म्हणतो, काही शाळांनी हे करून बघावं. कारण वेगळं आहे. औंढ्याला एवढी मोठी वेधशाळा उभी राहील, देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील, आणि आपली पोरं तिथं काय बनतील? चौकीदार, ड्रायव्हर, कॅन्टीनवाले? ती कामंही मानाचीच आहेत, पण तेवढीच नकोत. आठवीतल्या पोरीनं स्वतःच्या शाळेच्या यंत्रावर आकाशाचा एक तुकडा तपासला जाताना बघितला, तर लायगो हा शब्द तिच्यासाठी फक्त रस्त्यावरची पाटी राहणार नाही. ती विचारील, ही लहर म्हणजे काय, सूर वर-खाली का होतो, दोनदा का तपासायचं. या प्रश्नांसाठी वीसपैकी दोन यंत्रं पुरे आहेत.

त्यासाठी माझ्या चार साध्या सूचना. एक, खोलीचं कुलूप आधी पोरांसाठी उघडा, शास्त्रज्ञांसाठी नंतर. दोन, शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव करा. गुरुजी किंवा ऑपरेटरनं मनानं काही टाकू नये. तीन, जिथं छतावर सोलर आहे तिथंच आणि दिवसा चालवा, आणि महिन्याचं मीटर फळ्यावर लिहा. चार, बॉइंकसारखी उघड, मोफत आणि विद्यापीठांनी चालवलेली प्रणालीच घ्या; पैसे मिळतील असं सांगणारा कुणी आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

इर्जिक मोडली, कारण बैल गेले, ट्रॅक्टर आले आणि प्रत्येक कामाला भाडं लागलं. कॉम्प्युटरच्या जगातही तेच घडतंय, भाड्याची यंत्रं घरच्या यंत्रांना मागं टाकताहेत. पण इर्जिकीतून रान नांगरून निघायचं, त्याबरोबर माणूस गावाचा होऊन निघायचा. ट्रॅक्टरनं रान नांगरतं, पण माणूस गावाचा होत नाही.

तालुक्यातल्या कुणा मुख्याध्यापकांना, समितीच्या सदस्यांना हा विषय पुढं न्यायचा असेल तर खाली लिहा. ज्यांच्या गावच्या शाळेत संगणक खोली आहे त्यांनी एवढंच सांगा: ती आठवड्यातून किती तास उघडी असते? गावाचं नाव आणि तास. मी यादी करतो आणि पुढच्या पोस्टमध्ये टाकतो.